आठशें भूमिकांचा हिशेब

सन २०२३ च्या जानेवारींत पद्म पुरस्कारांची यादी प्रसिद्ध झाली, तींत गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यांतील गुरनोलीचे श्री. परशुराम कोमाजी खुणे यांचें नांव होतें. पद्मश्रीचा हा मान झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील नटास मिळालेला पाहून या भागांतील प्रत्येक माणसास आपल्याच घरीं कांहीं शुभकार्य झाल्यासारखें वाटलें. वृत्तपत्रांनीं त्यांची ओळख करून देतांना दोन आंकडे पुढें केले: सुमारें ८०० निरनिराळ्या भूमिका आणि ५,००० प्रयोग. पुण्यामुंबईच्या वाचकास अंदाज यावा म्हणून ‘विदर्भाचे दादा कोंडके’ ही त्यांची लोकांनीं दिलेली पदवीहि सांगण्यांत आली. त्यापलीकडे त्यांच्या अभिनयाविषयीं आमच्या वाचनांत एक वाक्यहि आलें नाहीं. नटाचा गौरव झाला, पण रंगभूमीवर उभा राहून हा नट नेमकें काय करतो, हें सांगण्याची गरज कोणास वाटली नाहीं.

आम्हांस प्रथम आनंद झाला व मागाहून अस्वस्थता वाटूं लागली. तिचें कारण आमच्याच पदरीं असलेला एक जुना दोष होय. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविणारे. तरुणपणीं या भागांत नोकरीनिमित्त आलों तेव्हां शेक्सपीअरच्या शोकांतिका आणि ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र हीं दोन मापें खिशांत घेऊनच आलों होतों. पहिल्याच हिवाळ्यांत एका गांवीं रात्रभर नाटक पाहिलें, आणि परत येऊन एका अंकांत असा निर्वाळा दिला कीं, ही रंगभूमि म्हणजे संगीत नाटकाचें उष्टें ताट असून त्यांत वर तमाशाची फोडणी घातलेली आहे. त्या लेखाची आज आम्हांस लाज वाटते. पूर्णपणें मात्र वाटत नाहीं, हेंहि येथें प्रारंभींच सांगून ठेवावें. कारण पश्चात्ताप झालेला टीकाकार बहुधा स्तुतिपाठक होतो, आणि स्तुतिपाठकांची झाडीपट्टीस आज मुळींच वाण नाहीं.

ज्या वाचकांनीं हा प्रदेश पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं चार शब्द. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील, वैनगंगेच्या दोहों तीरांवरचा धानाचा आणि जंगलाचा जो मुलूख, तो झाडीपट्टी. १९८२ पर्यंत गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यांतच होती. दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येतें. भाऊबिजेनंतर गांवोगांवीं मंडई भरूं लागते, पुढें शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होतात, आणि ज्या गांवीं मंडई किंवा पट, त्या गांवीं रात्रीं नाटक, असा हा होळीपर्यंतचा क्रम आहे. लेकी माहेरीं येतात, सोयरेधायरे जमतात, मुलामुलींच्या सोयरिकीहि याच गर्दींत ठरतात. गांवांतील हौशी मंडळें स्वतः नाटक बसवितात व मुख्य नट, नटी आणि वादक बाहेरून आणतात. नाहीं तर वडशाच्या एखाद्या कंपनीशीं करार करतात. वडसा, ज्याचें सरकारी नांव देसाईगंज, तेथें हंगामांत रस्त्याच्या दुतर्फा नाट्यमंडळांच्या पाट्या लागतात. कपड्याच्या दुकानाशेजारीं नाटकाचें दुकान, असा देखावा महाराष्ट्रांत दुसरीकडे आम्हीं तरी पाहिलेला नाहीं.

मराठी नाटकाचे इतिहासकार १८४३ च्या सांगलीपासून निघतात, १८८० च्या पुण्यांत किर्लोस्करांपाशीं विसावतात, आणि १९३२ सालीं मराठी चित्रपट बोलूं लागल्यावर संगीत मंडळ्या कशा मोडत गेल्या हें सांगून एक सुस्कारा टाकतात. त्यांचें खरें आहे, परंतु तें रेल्वेच्या मोठ्या स्थानकांपुरतें खरें आहे. झाडींत ती मंडळी मोडली नाहीं. गडकऱ्यांचे अखेरचे दिवस नागपूरनजीक सावनेरास गेले, २३ जानेवारी १९१९ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें, व ‘एकच प्याला’ त्यांच्या पश्चात् रंगभूमीवर आला. त्या नाटकांतील दारूनें बुडालेला नवरा आणि सोशीक बायको हीं दोन पात्रें झाडीच्या नाटकांतून नांवें बदलून अजून हिंडत असतात. पेटीचे सूर, पदें म्हणणारा नट, तीन अंक, रडविणारा शेवट, हें सर्व तेथें पुराणवस्तु म्हणून जपलेलें नाहीं. तिकीट काढून येणाऱ्यांनीं तें चालूं ठेविलें आहे.

आतां त्या दोन आंकड्यांकडे वळूं. पांच हजारांस आठशेंनीं भागिलें असतां दर भूमिकेच्या वांट्यास सरासरी सहा प्रयोग येतात. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाहीं. आचार्य अत्र्यांचें ‘तो मी नव्हेच’ १९६२ सालीं आलें आणि प्रभाकर पणशीकरांनीं त्यांतील लखोबाचीं पांच रूपें हजारों वेळां वठविलीं. १९८० सालीं आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ या एका मालवणी नाटकाचे प्रयोग पांच हजारांवर गेले. म्हणजे पांच हजार या एकाच संख्येंत एके ठिकाणीं एक नाटक मावतें, दुसऱ्या ठिकाणीं आठशें भूमिका मावतात. ज्या कलेंत गणपतराव जोशांचा हॅम्लेट वर्षानुवर्षें मुरत गेला, त्या कलेच्या मापानें पाहिलें तर सहा प्रयोगांत भूमिका मुरावी कशी? फार तर ओळखीची होते. आमचा जुना निर्वाळा याच तर्कावर उभा होता. शिवाय नटाची कारकीर्द अर्धशतकाची धरिली तर वर्षास शंभर प्रयोग पडतात, आणि हंगाम तर जेमतेम चार-पांच महिन्यांचा. शेत, घर व प्रवास संभाळून चारपैकीं तीन रात्री रंगभूमीवर काढणाऱ्या माणसास तालमीस वेळ कोठून मिळणार? अशा नटाकडून फार अपेक्षा करूं नये, असें आम्हीं त्या वेळीं मोठ्या औदार्यानें लिहिलें होतें.

चूक प्रश्नांत होती. सहा प्रयोगांत भूमिका मुरत नाहीं हें खरेंच; पण भूमिका मुरत नसेल तर पांच हजार रात्रींत मुरतें तें काय, हें आम्हीं विचारलेंच नव्हतें.

याचें उत्तर आम्हांस बऱ्याच वर्षांनीं, वडशापासून थोड्या अंतरावरच्या एका गांवीं मिळालें. कापलेल्या धानाच्या बांधींत रंगमंच उभा केला होता. पायांखालीं धसकटें, वर उघडें आभाळ, आणि थंडी अशी कीं बायका लेंकरांसह पांघरुणांचीं गांठोडीं घेऊनच आल्या होत्या. दहाच्या पुढें नांदी झाली. त्या रात्रीचा विनोदी नट तिन्हीसांजेस दुसऱ्या गांवाहून आला होता. नाटकाची वही त्यानें जेवतांना चाळली असेल तेवढीच. आम्हांस मुद्दाम विंगेच्या कडेला बसावयास जागा दिली होती, म्हणून प्रॉम्प्टरचा आवाज व नटाचा आवाज दोन्ही ऐकूं येत होते. पूर्वीं हा प्रॉम्प्टर म्हणजे आमच्या लेखीं या रंगभूमीच्या नादारीचा जाहीर पुरावा होता. त्या रात्रीं एक निराळाच प्रकार ध्यानांत आला. नायकास वाक्य मिळे, तो तें जसेंच्या तसें, थोडें गळा काढून, प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणे. विनोदी नटासहि तशाच पुस्तकी मराठींतील वाक्य मिळे. परंतु त्याच्या तोंडून तें कधींहि तसें बाहेर पडत नसे. ‘जवळ’चें ‘जवर’ होई, ‘पाणी’चें ‘पानी’ होई, आणि हा केवळ अक्षरांचा फेर नव्हता. वाक्याचा सांधाच बदले, उपमा धानाच्या बांधींतली येई, समोर बसलेल्या एखाद्या पाटलाचा उल्लेख त्यांत ओंवला जाई. पडद्याआडून येणारें वाक्य आणि रंगमंचावर पडणारें वाक्य यांमध्यें एका श्वासाचें अंतर असे, व तेवढ्या श्वासांत तो माणूस भाषांतर करीत असे. आम्ही वर्गांत एका सुनीताचें भाषांतर करण्यास विद्यार्थ्यांना आठवडा देतों.

पांच हजार रात्रींत मुरतें तें हें. भूमिका निमित्तमात्र असते. तयार होतो तो कान. कोणत्या वाक्यास कोणता गांव हंसेल, नागभीडकडचा प्रेक्षक कोठें थांबतो व कुरखेड्याकडचा कोठें, रात्रीं दोन वाजतां किती लांबीचें वाक्य पेलतें, हें ज्ञान कोणत्याहि संहितेंत लिहिलेलें नसतें. ‘मरीमाईचा भुत्या’, ‘सिंहाचा छावा’, ‘लावणी भुलली अभंगाला’ अशा नाटकांच्या नांवांची यादी खुणे यांच्या नांवापुढें दिली जाते. त्या नांवांवरून त्यांची कला ताडूं पाहणें म्हणजे गवयाची योग्यता त्यानें गायिलेल्या चिजांच्या यादीवरून ठरविण्यासारखें आहे.

येथवर आमच्या पश्चात्तापाचा भाग झाला. आतां तक्रारीचा.

आम्हीं पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक, नायिका, त्यागी भाऊ, पश्चात्तापदग्ध बाप, हे सर्व पुण्याच्या मराठींत बोलतात. झाडीबोली बोलतो तो घरगडी, भोळा शेतकरी, वेंधळा मेहुणा. ही वांटणी नवी नाहीं. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोले आणि स्त्रिया व विदूषक प्राकृत बोलत. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त तर प्राकृतांचा बाजारच भरला आहे. पण तेथें राजा खरोखरीच संस्कृत जाणणारा असे, निदान तशी समजूत असे. झाडीपट्टीच्या नाटकांतील नायक याच गांवचा, याच बांधींत राबणारा, आणि तरीहि आईच्या प्रेताशीं बोलतांना तो जी भाषा वापरतो ती त्याच्या आईनें आयुष्यांत कधीं ऐकलेली नसते. ‘वस्त्रहरणा’नें मालवणीला सगळा रंगमंच मोकळा करून दिला, तिच्यांत हंसूं आहे, पण तें बोलीबाहेर उभ्या असलेल्या कोणाच्या तोऱ्यावर मोजलेलें नाहीं. झाडीबोलीला मात्र अजून विनोदाच्या दारानेंच आंत यावें लागतें. प्रेक्षक स्वतःच्या बोलीला हंसतो आणि परक्या बोलींत रडतो, ही गोष्ट आम्हांस बरीं वर्षें टोंचत होती.

तो प्रेक्षक परक्या बोलींत खरोखर रडतो काय, याचा उलगडा त्याच रात्रीं झाला. तिसऱ्या अंकांत नायकाचें मोठें विलापाचें भाषण होतें. नटाचा आवाज चांगला होता, शब्दहि ठसठशीत होते. तरी मागच्या रांगांत चहाची ये-जा चालूं होती व आमच्या शेजारचे गृहस्थ तंबाखू मळीत होते. मग तोच विनोदी नट, गड्याच्या वेषांत, आला. घर विकलें गेलें आहे आणि आपण आतां कोणाच्या घरीं राबावयाचें, एवढीच बाब त्यास सांगावयाची होती. प्रेक्षक त्यास पाहून संवयीनें हंसले. त्यानें हंसूं ओसरूं दिलें, आणि आपल्या नित्याच्याच बोलींत, आवाज मुळींच न चढवितां, बैलांचीं नांवें घेऊन त्यांना कोण चारा घालील असें विचारलें. त्या बांधींत हजारों माणसें होतीं. त्यांतील लेंकरें सोडून कोणी हललें नाहीं. शेजारच्या गृहस्थांची मळलेली तंबाखू हातांतच राहिली.

नटास जें कळलें होतें तें नाटककारास कळलें नव्हतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो शोक पुस्तकी भाषेच्या हवालीं करतो, कारण शाळेंत त्यास असें शिकविलें गेलें कीं गंभीर गोष्ट शुद्धच बोलावी. तें आम्हींच शिकविलें. योगायोगांची रेलचेल, तिसऱ्या अंकांत एकाएकीं सुधारणारा दुष्ट, स्त्रीच्या सोशिकपणाचा सरसकट गौरव, हे या नाटकांचे दोष आहेतच, व अर्धशतकांत ते फारसे कमी झालेले नाहींत. लोकांना आवडतें एवढ्यानें ते गुण होत नाहींत. परंतु हे दोष जुन्या संगीत नाटकांतहि होते, आणि तरी त्यांवर आपण ग्रंथ लिहिले. बोलीची ही चुकीची वांटणी मात्र झाडीच्या नाटकाचें स्वतःचें दुखणें आहे.

झाडीबोलीस कोणी वाली नव्हता असें नाहीं. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं या बोलीचा शब्दकोश केला, झाडीबोली साहित्य मंडळ उभें केलें, संमेलनें भरविण्याची परंपरा पाडली, आणि दंडारीवर ‘झाडीपट्टीची दंडार’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ण, ळ, श, ष हे वर्ण बोलींत नाहींत म्हणून ती अशुद्ध ठरत नाहीं, तिला स्वतःचें व्याकरण आहे, हें सुशिक्षितांच्या गळीं उतरविण्याचें श्रेय मुख्यतः त्यांचें होय. दिवाळीच्या दिवसांतील दंडार, तिच्यांतील टिपऱ्या, स्त्रीवेष घेतलेले पुरुष, तशीच शाहिराची खडी गंमत, हीं या मातींतील नाट्यरूपें होत, व आजच्या नाटकाच्या विनोदी नटाची चाल त्यांच्या अंगणांतूनच आलेली आहे. पण येथें आमच्या विद्येचा एक विचित्र विभाग आडवा येतो. जें अनामिक व जुनें तें लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे जातें. जें छापलेलें व नांवानिशीं तें वाङ्मयाच्या टीकाकाराकडे जातें. झाडीपट्टीचें चालू नाटक तिकिटावर चालतें म्हणून लोककला नव्हे, आणि छापलें जात नाहीं म्हणून वाङ्मय नव्हे. त्यामुळें दंडारीस अभ्यासक लाभला, पण दंडारीचा जो नातू आज रात्रीं दहा वाजतां रंगून उभा राहतो त्यास टीकाकार लाभला नाहीं. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, म्हणजे हें काम परगांवच्या कोणाच्या हातीं सोंपविण्याची सबबहि उरलेली नाहीं.

मधल्या नाचगाण्यांविषयीं लिहिल्यावांचून सुटका नाहीं, कारण सुशिक्षित घरांत झाडीपट्टीचा विषय निघाला कीं तोच प्रथम निघतो. अश्लीलतेची ओरड आम्हांस वरवरची वाटते. आमची हरकत निराळी आहे. रात्रीं दोनच्या सुमारास पेंगणाऱ्या प्रेक्षकास जागें करणें हें पूर्वीं विनोदी नटाचें काम होतें. तें काम कर्ण्यावरील हिंदी गाण्यानें आपल्याकडे घेतल्यापासून विनोदी प्रवेश आंखूड होत चालले आहेत. ज्या श्वासभर अंतराची आम्हीं वर स्तुति केली तें अंतर गजबजाटांत ऐकूंच येत नाहीं. नाचणाऱ्या मुलींस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्या पोटासाठीं दूरदूरच्या शहरांतून येतात व पहाटेच्या थंडींत ट्रकच्या मागें बसून पुढल्या गांवीं जातात.

बाहेरच्या आघातांची गोष्ट थोडक्यांतच सांगतों. मे २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हां पटाबरोबर होणारीं नाटकेंहि अडचणींत आलीं. डिसेंबर २०२१ मध्यें शर्यतींना पुन्हा वाट मिळाली व मे २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें ती कायम केली. मध्यंतरीं २०२० च्या महामारीनें पडदाच पाडला आणि कित्येक नटांनीं ते दिवस मजुरीवर काढले. रंगभूमि यांतून उठली. असे आघात ती सोसते. तिच्या नटाचें काम अलिखित राहणें हा आघात तिला जाणवतहि नाहीं, म्हणूनच आम्हांस त्याची धास्ती वाटते. खुणे यांच्या पिढीचे नट आतां सत्तरीच्या घरांत आहेत. त्यांच्या आठशें भूमिकांपैकीं आठ भूमिकांचें तरी, रात्रीचें, गांवाचें व वाक्यांचें बारकाईनें केलेलें टिपण कोणापाशीं आहे काय? आमच्यापाशीं नाहीं, आणि आम्ही तीस वर्षें याच भागांत आहों.

गेल्या हिवाळ्यांत आम्हीं एका वयोवृद्ध प्रॉम्प्टरकडून जुनी वही पाहावयास मागून घेतली. आंखीव पानांची, कडा तेलकट झालेली, निळ्या शाईंतील वही होती. नायकाचीं भाषणें अक्षर न् अक्षर लिहिलेलीं, पदांचे तालहि नोंदलेले. विनोदी पात्राच्या प्रवेशापाशीं आलों तर तेथें पहिलें वाक्य होतें, शेवटचें वाक्य होतें, आणि मध्यें ‘येथें गंमत’ एवढे दोन शब्द लिहून अर्धें पान कोरें सोडलेलें होतें. वहीभर अशीं कोरीं जागा असलेलीं अकरा पानें आम्हीं मोजलीं. या जागीं तुम्ही काय करतां, असें आम्हीं त्या गृहस्थांस विचारलें. ते म्हणाले, “तेवढ्या वेळांत मी चहा पिऊन घेतो, सर.”